दुसऱ्या भागाला आलेलं हसू

आमच्या पहिल्या सिनेमाला 'सिनेमा' म्हणायचं धाडस आम्ही दोघंच करायचो. बाकीचे त्याला 'तुमची ती क्लिप' म्हणायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. चांगला पाऊण तासाचा होता तो. एक आगरी आणि एक कोकणी मुसलमान एकाच मोटरसायकलवरून माणगावला एका लग्नाला निघतात, रस्ताभर एकमेकांच्या जातभाईंची यथेच्छ टिंगल करतात आणि लग्न राहतं बाजूलाच. आगरी मी, नागावचा. मुसलमान माझा मित्र, आगरदांड्याचा. आगऱ्याच्या गळ्यात कुत्र्याला बांधतात तेवढी जाड सोन्याची चेन, बोलणं भांडल्यासारखं, हळदीत नाचताना शुद्ध नाही. मुसलमान गल्फहून आलेला, अंगाला अत्तराचा घमघमाट, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'तिकडं असं न्हाय'. लोकांनी तो फोनवर बघितला, पुढे पाठवला आणि डोक्यावर घेतला. रेवदंड्याला पेट्रोल भरायला थांबलो तरी लोक आमची वाक्यं आम्हालाच ऐकवायचे.

आमचा एक नियम होता. आगऱ्यांवरचा विनोद मी लिहायचा, मुसलमानांवरचा त्याने. दुसऱ्याने त्यात शब्दाचीही भर घालायची नाही. लिहून झाले की माझे विनोद माझ्या आईला वाचून दाखवायचे आणि त्याचे त्याच्या अब्बांना. आईने एकदा लाटणं उगारलं होतं, तो विनोद गेला. अब्बांनी दोन वेळा नुसतं चष्म्यावरून बघितलं होतं, ते दोन गेले. ही चाळणी आम्हाला इतकी पक्की वाटायची की तिच्यातून काही वाईट खाली पडेल, असं मनातही आलं नाही.

मित्र स्वतःही गल्फमध्ये नोकरीला होता, पहिला भाग आम्ही त्याच्या सुट्टीत केला होता. दुसरा भाग करायचा ठरला तेव्हा त्याचा तिकडचा करार संपला होता. तिकडून नवं बोलावणं आलं होतं आणि त्याला जायचं नव्हतं. त्याला इथे राहून सिनेमे करायचे होते. अब्बा उभं आयुष्य जहाजावर काढलेले, आता जेट्टीजवळ जाळी-दोरखंडाचं दुकान चालवणारे. आम्हा दोघांना समोर उभं करून ते म्हणाले, "पैला घरात बसून बघितला. दुसरा मी सगळ्या लोकांत बसून बघनार. मदीच उठलो, तर सिनेमा डब्यात आन् तू विमानात. न्हाय उठलो, तर ऱ्हा हितंच. मी एक शबूद बोलनार न्हाय."

एवढी साधी अट होती. माझा मित्र राहणार की जाणार, ते एका म्हाताऱ्या माणसाच्या बूड टेकून बसण्यावर ठरणार होतं.

दुसऱ्या भागात आम्ही अदलाबदल केली होती. दोघांची पैज लागते, तुझं सोपं की माझं, आणि एका दिवसासाठी तो आगरी होतो, मी मुसलमान. तो माझ्या घरच्या हळदीत चेन घालून नाचतो. मी डोक्यावर टोपी घालून त्याच्या घरी जेवायला जातो. लिहिताना नियम तोच, चाळणीही तीच. मधल्या काळात लोकांच्या फोनवरचे मेसेज बदलले होते, ते दिसत नव्हतं असं नाही. आमच्या आळीच्या ग्रुपवर मी दोनदा भांडून बाहेर पडलो होतो आणि दोनदा मला परत घेतलं होतं. पण ते फोनमध्ये. आपल्या अंगणात असं काही होईल, असं कुणाला वाटतं?

आमच्याच वाडीत दोन माडांमध्ये पांढरं कापड ताणलं. खुर्च्या मंडळाच्या आणल्या. अंधार पडायच्या आत वाडी भरली. घरी उतरलेले पाहुणे, शेजारीपाजारी, आळीतली पोरं विहिरीपाशी उभी. मित्राच्या घरची मंडळी भाड्याची गाडी करून आली होती. आईने अब्बांना पुढच्या रांगेत माझ्या वडिलांच्या शेजारी बसवलं आणि त्यांच्यासाठी मुद्दाम आतली हाताची खुर्ची आणली. माझ्या मनात आलं, आई, साधी बिनहातांची दिली असतीस तर बरं झालं असतं. हातांना धरून उठणं सोपं जातं. इतका मी भेदरलो होतो.

सुरुवात छान झाली. पैजेच्या भांडणावर टाळ्या पडल्या. मी पडद्याकडे बघतच नव्हतो, अब्बांच्या मानेकडे बघत होतो. मित्र प्रोजेक्टरपाशी उभा होता, तोही तिकडेच बघत असणार.

मग माझा प्रसंग आला. मी टोपी घालून मित्राच्या दारात उभा राहतो. एवढंच. अजून तोंड उघडलेलं नाही, विनोद पुढे आहे. चपला काढतो, सलाम करतो, जेवायला बसतो आणि वाढणारी चाची थांबतच नाही. 'पुरे' हे त्या घरात कसं म्हणायचं, ते मला माहीत नसतं, असा तो विनोद. पण मी नुसता दारात उभा राहिलो आणि मागून शिट्टी आली. मग हसू आलं, मोठं. नुसत्या टोपीला. त्या हसण्यावर कुणीतरी सध्या फोनवर फिरणारं ते एक वाक्य ओरडलं. ते मी इथे लिहिणार नाही. आवाज मी ओळखला. माझ्या चुलतभावाचा होता. ह्याच सिनेमात मित्राच्या मागे हळदीत नाचलाय तो. त्यांच्या घरी ईदला माझ्याबरोबर जेवलाय.

माझे वडील वळून ओरडले, "गप बसा रं!" त्याने उलट आणखी हसू आलं.

अब्बांचा हात खुर्चीच्या हातावर आला. बोटं आवळली गेली. ते पुढे झुकले. झालं, संपलं, असं मला वाटलं. चुलतभावाचं थोबाड रंगवायला जावं की अब्बांचे पाय धरायला, तेवढंच डोक्यात होतं.

अब्बा मागे टेकले. आणि हसले. खदखदून, मांडीवर थाप मारून. पुढे मला वाढलं जात होतं तेव्हा हसत होते, चाची ओरडली तेव्हा हसत होते. माझा जीव भांड्यात पडला. पुढे मित्र चेन घालून नाचायला लागला, तेव्हा तर सगळी वाडी हसली. ते हसणं वेगळं होतं, पोटच्या पोराला हसतात तसं. आई डोळे पुसत होती. विहिरीपाशी तीच पोरं त्याच्या नावाने ओरडत होती, अगदी लाडाने. मला तेव्हा फरक कळला नाही असं नाही. कळूनही मी तो बाजूला सारला, कारण अब्बा बसले होते.

जाताना त्यांनी माझा गाल थोपटला. "झ्याक झालाय," म्हणाले.

सकाळी पहिल्यांदा चुलतभावाला गाठलं. तो दात घासत होता. मी तोंडाला येईल ते बोललो. त्याने शांतपणे चूळ भरली आणि म्हणाला, "मी काय केलं? कॉमेडी हाय ना? हसायलाच केलाव ना तुमी?" त्याला खरंच काही कळलेलं नव्हतं. मारलं असतं तरी कळलं नसतं. मी आलो निघून.

मग मित्राला फोन लावला. "कधी टाकायचा?"

"टाकायचा न्हाय."

"अरे, अब्बा उठले नाहीत! अट पुरी झाली तुझी!"

"शनिवारचं तिकीट काढलंय मी."

मी चिडलो. पोरांच्या हुल्लडीपायी पळून जातोस, ढोरासारखं राबवून घेतलंस मला, असं बरंच काही बोललो. शेवटी मी म्हटलं, "तुझे अब्बा हसले रे, सगळ्यांत जास्त ते हसले!"

"तू अब्बांना तसं हसताना कधी बघितलंस?" तो म्हणाला. "त्यांनाच विचार जा."

गेलो. काशीद, मुरूड करत थेट जेट्टीवर. डोकं तापलेलं होतं. अब्बा दुकानात एका जाळ्याची गाठ सोडवत बसले होते. मला बघून त्यांनी स्टूल सरकवलं, चहा सांगितला. मी बसलोच नाही.

"चाचा, तुम्ही हसलात. मग तो का जातोय?"

त्यांनी गाठ सोडवायचं काम चालूच ठेवलं.

"पैली शिट्टी झाली, तवाच उठनार होतो," ते म्हणाले. "उठून काय झालं असतं? मागची पोरं म्हनली असती, बघा, ह्यांना इनोद चालत न्हाय. तुजी आई मला मानाची खुर्ची देती. तिच्या अंगनात तसं व्हायला नको. म्हनून बसलो. मग वाटलं, नुसता बसलो तर म्हनतील, तोंड पाडून बसलाय. म्हनून हसलो. मोठ्यानं हसलो, मागं ऐकू जाईल असा."

मी स्टुलावर बसलो. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायची लाज वाटत होती.

"म्हणजे सिनेमा तुम्हाला आवडलाच नाही."

"कोन बोललं?" ते चक्क रागावले. "ती जेवायची गोष्ट. तुला पुरे म्हनता येईना आन् ती वाढतच ऱ्हायली. आमची अम्मी तशीच व्हती. तिथं मला खरं हसू आलं, बेटा." त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "पन मी आदीपासूनच हसत व्हतो ना. ते आलेलं कुनाला दिसलंच न्हाय."