आईचे ठिपके

मागची भरली म्हणून औरंगपुऱ्यातून आज पुन्हा कोरी डायरी आणली. कागदाच्या वासानं बजाजनगरची आमची खोली आठवली. घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच, त्यामुळं रोज ऐटीत डायरी लिहायचे.

"काय लिहिती गं एवढं?" आईनं विचारलं.

"दिवसभरात झालं ते."

"मग माझी आजची रांगोळी घाल की हिच्यात. लई झकास जमली, उद्या झाडण्यात जाईल."

"तूच काढ."

तिनं पेन घट्ट धरून नुसते ठिपके दिले.

"अन् रेघा?"

"त्या हाताला ठाव हायेत!"

आता आई नाही. तिचे ठिपके मी पानापानावर उतरवते, रेघा बदलून जोडत राहते. अजून एकही रांगोळी तिची झालेली नाही.