वेठबिगारीची तालीम

कायदा झाला तरी वेठबिगारी संपलेली नाही, हे माणिकपूरच्या लोकांना सांगायचं काम आमच्या महिला मंडळाने माझ्यावर सोपवलं. नव्वदच्या दशकात अशा वेळी पथनाट्य बसवत. लिहिलं मी, बसवलं मी आणि मालकिणीचं कामही मीच घेतलं. आवाज माझाच मोठा होता. गुलाम झालेल्या मैत्रिणीच्या गळ्यात घालायला हार्डवेअरवाल्याकडून कुत्र्याची साखळी आणली. तालमी आमच्या हॉलमध्ये.

समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं नोकरीला मुंबईला जायचं. त्यांच्याकडे राहून काम करणारी बाई जव्हारकडची, साधारण माझ्याच वयाची. अलीकडे ते जाताना बाहेरून कुलूप लावत आणि किल्ली माझ्याकडे देत, सिलिंडरवाला आला तर म्हणून. "चोऱ्या वाढल्यात," ते म्हणाले. मला पटलं. आत माणूस असताना कुलूप कशाला, हा प्रश्न वेठबिगारीच्या तज्ज्ञाला पडला नाही.

एका दुपारी मी साखळी ओढत गरजले, "माझ्या परवानगीशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही!" तोच समोरचं दार आतून धडधडलं.

"ताई, जरा कुलूप काढता का?"

मी धावले. "काय झालं? गॅस?"

"गॅस नाय. पोरगी बाळंतपणाला माहेरी आलीय, आन मी हितं. कधीही मोकळी होईल."

"मग त्यांना ठणकावून सांगायचं!"

"सांगितलं. तवापासनं कुलूप."

आमची गुलाम गळ्यातल्या साखळीसकट बाहेर आली. "अगं, किल्ली तुझ्याकडेच ना? मग बघतेस काय, मालकीणबाई!"

दार उघडलं. बाईची पिशवी भरलेलीच होती. मी तिला रिक्षात घातलं आणि एसटी स्टँड येईपर्यंत कायदा समजावला. कोंडून ठेवणं गुन्हा आहे, तक्रार करता येते, मी साक्ष देईन.

"द्या," ती म्हणाली. "पोरीकडं पोचते, मग करू. आधी गाडी बघा."

मी गाडी बघितली. त्या दिवसातलं माझं तेवढंच काम उपयोगाचं झालं. ती पुढच्या सीटवर बसली. एसटी हलली तसा मी खाली उभी राहून हात उंचावला, जरा सभेच्याच थाटात. तिने पाहिलंही नाही. ती कंडक्टरला विचारत होती, उजेड असताना जव्हार येईल ना.