ताटातली साखर

वसईकडच्या त्या नर्सबाई वाशीमच्या सरकारी दवाखान्यात होत्या आणि आमच्या शेजारी एकट्याच राहत. बोली आमचीच झाली होती त्यांची. संत अंतोनीच्या सणाला नारळाच्या दुधात मैदा भिजवून त्या फुगे तळत आणि ताट झाकून घरोघर देत. "अंडं नाही टाकलं हो," असं न विचारताच सांगत.

"ठेवा बाई, मंग खातो आमी," आई म्हणे. ताट रिकामं परत देऊ नये, म्हणून त्यात साखर घाले. तेवढ्यानं बाई खुलत.

एका सणाला त्या ताट न्यायला मागच्या दारानं आल्या. आई फुगे बकरीपुढे टाकत होती. बाई तशाच परतल्या.

पुढच्या सणाला ताट पुन्हा आलं.

"बकरीलेच द्या वहिनी, तिले आवडते. फक्त ताटात साखर नका टाकू."