एका शंकरपाळ्याचा व्हिसा

व्हिएतनामच्या व्हिसाच्या अर्जात ‘एकदाच प्रवेश’ आणि ‘अनेकदा प्रवेश’ असे दोन पर्याय समोर आले, तेव्हा मी क्षणही न दवडता पहिल्यावर बोट ठेवलं. आम्ही काही तिथे रोज भाजी आणायला जाणार नव्हतो. लग्नाला पाव शतक झालं म्हणून एकदाच जाणार, हिंडणार आणि निमूटपणे दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी घरात परत येणार. मधले चार दिवस शेजारच्या कंबोडियात जाऊन जंगलातली ती जुनी देवळं पाहायची आणि बसने पुन्हा व्हिएतनाममध्ये यायचं, कारण परतीचं विमान तिथूनच होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिकिटं मीच काढली होती. पण सरकारी नोकराच्या डोक्यात तिकिटं एका फायलीत असतात आणि व्हिसा दुसऱ्या, आणि या दोन फायलींची कधी गाठ पडत नाही. मी अर्ज भरत होतो तेव्हा आमची ही चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली. स्क्रीनकडे पाहिलं, “साखर बरोबर आहे ना?” एवढंच विचारलं आणि आत गेली. मी अर्ज पाठवून दिला. दोघांचेही व्हिसा मंजूर होऊन आले तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते मी. वास्तविक आमच्या खात्यात कुणाला परदेशी जायचं असेल तर त्याच्या परवानगीच्या कागदावर शेरा मारायचं काम माझ्याकडेच आहे. देशाचं कसं चाललंय, याची आपल्याला कल्पना यावी.

ही चूक एका नजरेत पकडणारा माणूस दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश मिळून एकच आहे, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. परत कसं यायचं हे ठरवल्याशिवाय आयुष्यात कुठेही पाऊल न टाकलेला असा दुसरा मनुष्य मी पाहिलेला नाही. जन्माला येतानासुद्धा सुईणीला चार प्रश्न विचारून मगच ते बाहेर आले असावेत. कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढतात आणि लगेच वाकून ती उलटी, दाराकडे तोंड करून ठेवतात. गाडी कधीही नाकासमोर आत घालत नाहीत. गल्ली कितीही अरुंद असो, मागचे सगळे भोंगे वाजवून घसा बसवून घेईनात का, मामा ती उलटी, शेपटीकडून आत नेतात, म्हणजे निघताना नाक रस्त्याकडे. नोएडाला एका लग्नात यांचं हे उलटं जाणं चालू असतानाच मागून वरात आली. बँडवाले थांबले, नाचणारे थांबले, घोडी बिथरली. वराचे काका तावातावाने आले, “अरे अंकलजी, पहले दूल्हे को तो जाने दो!” मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून शांतपणे म्हणाले, “बेटा, दूल्हे को तो आज वापस जाना ही है, दुल्हन लेकर. उसका रास्ता भी मैं ही खाली रख रहा हूँ.” काकांनीच बँडवाल्यांना वाट दाखवली. वरात बाजूने गेली.

मामा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. पूर्वी तेही आमच्याच लक्ष्मीबाई नगरात राहायचे, आणि आमची ही कॉलेजची सगळी वर्षं त्यांच्याकडेच होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी फरीदाबादला फ्लॅट घेतला. रविवारी कधीतरी कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहात मिसळ खायला आम्ही सगळे जमायचो. तिथे कूपन हातात पडल्यावर मामांचा पहिला प्रश्न, “मी फोनवर बोलायला बाहेर गेलो, तर परत आल्यावर हे चालेल ना?” काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा वैतागला, आणि नंतर नंतर मामा दिसले की स्वतःच ओरडायचा, “चलेगा साहब, बिल्कुल चलेगा!” एकदा एका बागेत फुलांचं प्रदर्शन होतं. फाटकावर पाटी होती, ‘बाहर जाने पर पुनः प्रवेश नहीं’. मामांनी पाटी दोनदा वाचली, डबा उघडला आणि पुऱ्या तिथेच फाटकाबाहेर झाडाखाली वाटल्या. मामी घास तोडता तोडता मला म्हणाल्या, “जावईबापू, यांनी मला निम्मी दिल्ली फाटकाबाहेरून दाखवलीय.”

पण याच माणसाच्या जिवावर आमच्या ओळखीतली अर्धी मराठी घरं जग हिंडून आली आहेत. कुणाचा परदेशाचा बेत ठरला की एजंटाच्या आधी फोन मामांना जातो. तुमचं विमान कुठलं, हॉटेल कुठलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. ते एवढंच विचारतात, “बाहेर कितीदा पडणार? आत कितीदा येणार?” आमच्या शेजारच्या नवविवाहित जोडप्याचा बेत होता पॅरिस, मग लंडन, मग पुन्हा पॅरिस. मामांनी फोनवरच हटकलं, “मधे लंडनला जाताय, म्हणजे दोनदा आत येणार. एकदाचा व्हिसा घेतलात तर मधुचंद्र लंडनमध्येच मावळेल.” ती दोघं आजही दिवाळीला मामांच्या पाया पडायला जातात. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही हे मात्र मामांना मनापासून पटलेलं नाही. “कुणी विचारतच नाही म्हणजे काय?” असं म्हणून ते खिन्न होतात.

गेल्या वर्षी मामी गेल्या. त्यानंतर मामांनी इतरांचे बेत आखणं सोडलं नाही, पण स्वतः घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं. ती जंगलातली देवळं, मुळांनी मिठी मारलेली, मामींनी टीव्हीवर पाहिली होती आणि म्हणाल्या होत्या, “यांना विचारते, तिथून परत सोडतात का.” म्हणून आमचं जायचं ठरलं तेव्हा हिने मामांनाच आधी ‘येता का’ म्हणून विचारलं. एकदा नाही, तीनतीनदा. मामा म्हणाले, “तुम्ही जा. रस्ता मी आखून देतो. मी कुठे येऊ? आल्यावर दार कोण उघडणार?” यावर हिने फोन ठेवला आणि आत गेली. मी मागोमाग गेलो नाही, कारण अशा वेळी मी बोललो की काहीतरी चुकतंच.

व्हिसा आल्यानंतरच्या रविवारी, दिवाळी नाही की काही नाही, हिने डबाभर शंकरपाळी तळली आणि म्हणाली, “चला, मामांना व्हिसा दाखवून येऊ.” मला तर तेच हवं होतं. उभ्या आयुष्यात प्रथमच मी एक काम मामांना न विचारता पार पाडलं होतं.

मामांनी चष्मा लावून माझा कागद पाहिला. मग उठले, चहाचा ट्रे आणला, शेजारी बशी ठेवली, आणि दोन चमचे माझ्या हातात दिले. “हे तुम्ही दोघं. ट्रे म्हणजे व्हिएतनाम. बशी म्हणजे कंबोडिया.” मग डब्यातून मोजून एक शंकरपाळं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. “हा तुमचा व्हिसा. खा.”

मी खाल्लं. खुसखुशीत होतं.

मामांनी माझ्याकडून चमचे घेऊन ट्रेमध्ये ठेवले. “आलात व्हिएतनाममध्ये. आता देवळं बघायला चला बशीत.” त्यांनी चमचे उचलून बशीत ठेवले. “कंबोडियाचा व्हिसा वेगळा, तो घेतलात, अच्छा. झाली देवळं बघून?”

“झाली.”

“चला परत.” चमचे ट्रेच्या कडेशी येऊन थांबले. मामांनी हात पुढे केला. “दाखवा.”

“काय?”

“शंकरपाळं.”

माझा हात डब्याकडे गेला. मामांनी झाकण लावलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यातल्या त्या दोन फायलींची गाठ पडली.

“हा मंजूर झालेला कागद आता बदलत नसतो, जावईबापू. नवा अर्ज करावा लागेल. सरकारी नोकरीत तुम्हाला घेतलं कुणी?” मामा म्हणाले. पण नेहमीसारखे हसले नाहीत. ट्रे आणि बशीच्या मधे, टेबलावर पडलेल्या त्या दोन चमच्यांकडे बघत राहिले. “असं मधे उभं राहणं फार वाईट असतं,” ते म्हणाले. “त्या टाळेबंदीच्या वर्षी मामी दिल्लीत हॉस्पिटलात होती. तिची शाल न्यायला मी घरी आलो. पास होता, पण नुसता यायचा. परत जायचा नाही, हे मी पाहिलंच नव्हतं. दुपारभर बदरपूरला दिल्लीच्या सीमेवर शाल घेऊन उभा होतो. पलीकडचा रस्ता दिसत होता. संध्याकाळी एका शिपायाला दया आली. गेलो, तर ही बया कॉटवरून म्हणते, ‘आलात? मला वाटलं, व्हिसा नाकारला.’”

मामींच्या आवाजाची नक्कल त्यांना छान जमली. आम्ही हसलो.

ही हळूच म्हणाली, “मामा, तुम्हीच सांगा. यांच्या भरवशावर जाऊ मी एवढ्या लांब? उद्या त्या सीमेवर मला असंच उभं करतील.”

मी मान खाली घातली.

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग स्वयंपाकघरात गेले. खण उघडल्याचा आवाज आला. परत आले ते हातात तिसरा चमचा घेऊन. तो त्यांनी आमच्या दोन चमच्यांशेजारी ठेवला, जरासा सरळ केला. “तिघांचे अर्ज करायचे,” ते म्हणाले. “अनेकदा प्रवेशाचे. अर्ज मी भरणार. आणि जावईबापू, तुम्ही कशालाही हात लावायचा नाही.”

निघताना मामा आम्हाला खाली गाडीपर्यंत सोडायला आले. दार ओढून घेण्याआधी सवयीने मागे वळले आणि रिकाम्या खोलीला म्हणाले, “येतो गं, यांना सोडून.” माझी गाडी अर्थातच नाकासमोर आत घातलेली होती. सगळी गल्ली थांबवून, हातवारे करत, मामांनी ती बाहेर काढून दिली.

बदरपूरची सीमा ओलांडली. मग मी म्हणालो, “काही म्हण, माझ्या चुकीचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.”

“तुमची चूक मी त्याच दिवशी पाहिली होती,” ही खिडकीबाहेर बघत म्हणाली. “चहा घेऊन मागेच उभी होते ना.”

“आणि बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तुमचा व्हिसा बरोबर आला असता,” ती म्हणाली, “आणि मामा घरीच राहिले असते.”