सासऱ्याचं नाव इटलीत सापडलं

बायकोच्या बापाला शोधायला मी म्हातारपणी इटलीत गेलो. दुसऱ्या महायुद्धात तो तिकडं मेला तेव्हा बायको आईच्या पोटात होती. घरी नुसती तार आली. माणूस आला नाही, हाडं आली नाहीत. मी मात्र लग्नापासून तिला एकच म्हणत आलो, तुझा बाप मेलेला नाही, पळालाय, तिकडं गोरी ठेवून बसलाय. पिंपरीच्या कारखान्यातला राग घरी आणायचो आणि हे तिच्या तोंडावर मारायचो. तिला दुसऱ्या कशानं लागायचं नाही, ह्यानं लागायचं. गेल्या साली ती गेली. आपण बोललो ते खरं होतं का खोटं, एवढं मरायच्या आधी बघायचं होतं. मी तिला काय बोलायचो ते पोराला ठाऊक नव्हतं.

पोरगा आधी हिंजवडीत होता, कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं. मी त्याच्याकडं गेलो आणि तुझ्या आजोबाची जागा दाखव म्हणालो. त्यानं भाड्यानं गाडी घेतली, सूनबाईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली, आणि नातीला धरून आम्ही चौघं निघालो. पोराला लढाईच्या जागा बघायचं वेड. वाटेत दिसेल तिथं गाडी थांबवायचा. सिमेंटच्या खोल्या, त्यांच्या फटीतून बंदुका चालवायच्या. भिंतीला गोळ्यांनी पडलेले खड्डे. एका गावात म्हणे त्यांच्या देवळापुढं माणसं उभी करून मारली होती, आणि आता तिथंच लोक खुर्च्या टाकून आइस्क्रीम खात होते. नात फोनमध्ये बघून वाचून दाखवायची, किती मेले, कसे मेले. सूनबाई म्हणाली, "बास की गं, जेवण जाईना." नात म्हणाली, "अगं मम्मी, खरंय हे सगळं."

डोंगरातल्या एका गावात लढाईचं म्युझियम होतं. टेबलावर शिपायाची लोखंडी टोपी उघडीच ठेवलेली, कानाच्या वर भोक. मी बोट घातलं. माझा जन्म पॉवर प्रेसवर, पत्रा ठोकून कापायच्या मशीनवर गेला. पत्र्याला भोक पडलं की पलीकडच्या अंगाला बारीक धार उभी राहते, आम्ही तिला बर म्हणतो. ह्या टोपीची बर आतल्या बाजूला होती. म्हणजे डोक्यात. बोटाला रक्त आलं.

"आबा, हात काढा, तो माणूस बघतोय!" नात म्हणाली.

पोरगा वैतागला. "आबा, इथं सगळीकडं पाटी लावलीय, हात लावू नका म्हणून."

"मला कुठं वाचाया येतंय?"

त्याला काय सांगायचं, मला काय दिसत होतं ते. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही दाबली तरच ती खाली येते. दोन्ही हात बटणांवर अडकले की मशीनखाली जात नाहीत. आम्ही शहाणे, एका बटणात लाकडाची खुंटी ठोकायचो आणि मोकळ्या हातानं माल सरकवायचो. शिफ्टला माल जास्त निघायचा. एकदा शेजारच्या गड्याचा हात तसाच खाली राहिला. प्रेस वर गेली तेव्हा चार बोटं पत्र्याला चिकटून आली. तो ओरडला नाही, हाताकडं बघत उभा राहिला. त्याच्या मशीनची खुंटी मीच ठोकून दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्याकडच्या शिपायांच्या कबरस्तानात पोचलो. मुसलमान शिपायांचे पांढरे दगड रांगेनं. हिंदूंना जाळलं होतं, त्यांची नावं भिंतीवर कोरलेली. फाटकापाशी लोखंडी पेटीत एक वही होती, तिच्यात कोण कुठला ते लिहिलेलं. नातीनं वही उघडली, बोट फिरवत गेली आणि थांबली. सासऱ्याचं नाव वाचलं. वय बावीस. पुढं सासूचं नाव, तिचा नवरा असं लिहिलेलं. आमच्या शेजारचं गाव, खेड तालुका, पुणे.

"आजीची आई ना ही?" नात म्हणाली.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. पोराला वाटलं ऊन लागलं. पाणी घेऊन आला.

मी म्हणालो, "पानी नगं. ऐक." आणि सगळं सांगितलं. गोरीचं सांगितलं. मग त्या सर्वपित्री अमावस्येचं सांगितलं. बाप कोणत्या तिथीला गेला ते कळलं नव्हतं, म्हणून ती अमावस्येलाच त्याच्या नावानं पान वाढायची. खीर, वडे, भात. मी त्या गड्याला दवाखान्यात टाकून घरी आलो होतो. अंगावर त्याचं रक्त. म्हणालो, जित्या माणसाचं पान वाढतीस व्हय गं? आणि पान लाथेनं उडवलं. ती भात गोळा करायला वाकली. मी तिच्या कानाखाली मारली. पडली तर परत मारली.

पोरगा उभाच होता. म्हणाला, "कुठला कान?"

"डावा."

"आईला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. विहिरीवर पाय घसरला म्हणायची."

"ती म्हनायची तसं."

त्यानं माझी कॉलर धरून मला उठवलं आणि मागं ढकललं. डोकं भिंतीवर आपटलं, चष्मा पडला. त्यानं हात उगारला. सूनबाई मधी आली. "अहो, काय करताय? पोरगी बघतीय!"

"बघू दे. मी पण बघितलं असंल, लहान होतो म्हणून आठवत नाही." हात त्यानं खाली घेतला, पण आवाज खाली आला नाही. "आता त्याला सांगा. तिला जे बोललात, जे केलंत, ते तिच्या बापाला सांगा."

मी भिंतीकडं तोंड केलं. त्यातलं कुठलं नाव सासऱ्याचं ते मला कळेना. नातीनं माझं बोट धरून त्यावर ठेवलं.

"मामा, तुमी पळाला न्हाईत. मी खोटं बोलत व्हतो. तुमच्या लेकीला मी मारलं."

"मोठ्यानं," पोरगा म्हणाला.

मी मोठ्यानं म्हणालो. पलीकडं गवत कापणाऱ्या माणसानं मशीन बंद करून आमच्याकडं बघितलं.

"अजून."

तिसऱ्यांदा "मामा" म्हणून तिथंच अडकलो. मग पोरानं चष्मा उचलला, माझ्या हातात दिला आणि दंड धरला. इतका आवळून धरला की गाडीपर्यंत कळ येत होती. मी सोड म्हणालो नाही.