आरामाचं साल

जून निम्मा सरला तरी आभाळ नुसतं भरून यायचं आणि तसंच वाळूजच्या कारखान्यांवरून पुढं निघून जायचं. वाऱ्याचा पत्ता नव्हता. बजाजनगरच्या त्या एका खोलीत उकाडा आणि तव्याची आच मिळून सरूबाईच्या पाठीला पदर चिकटला होता. तनुजा लाटत होती, ती भाजत होती, आणि पहिल्या पाळीची माणसं डब्यासाठी दारात खोळंबली होती.

"तनुबाई, तू पुण्याला गेलीस की आमचं कसं व्हायचं?" पुंडलिक डबा उचलत म्हणाला. "मावशीच्या पोळीला चार कोपरे असत्यात."

"कोपरे मोजून खातूस का रं?" सरूबाईनं त्याला हाणलं, पण आतून तिला बरं वाटलं. पुण्याचं नाव कुणी काढलं की तिला बरंच वाटायचं.

तनुजाला बारावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले होते. पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं होतं. पण तिथं राहायचं-खायचं तिच्या बापाला, सांडूला, ठेकेदाराकडं मिळणाऱ्या पगारात बसणारं नव्हतं. एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली तरच पोरगी जाणार होती, आणि आज तिथं बोलावलं होतं. डबे गेल्यावर मायलेकी हातापायावर पाणी घेऊन शेअर रिक्षात बसल्या.

संस्थेतले अतुल सर बोलायला गोड. दहावीचे मार्क बघून हसले, बारावीचे बघून मान डोलवली. अकरावीचा कागद हातात घेतला आणि थांबले.

"एकोणपन्नास?"

"व्हय सर," तनुजा म्हणाली.

"आमच्याकडं तिन्ही वर्षं बघतात, मावशी. प्रत्येक साली पंचाहत्तर तरी लागतात."

"पर सर, अकरावी कोण बघतं?"

हे काही तिचं एकटीचं म्हणणं नव्हतं. सारी गल्ली म्हणायची, अकरावी म्हणजे आरामाचं साल. दहावीला घासलं, बारावीला घासायचं, मधी जरा दम खायचा. क्लासवालेही तेच सांगायचे. पोरीचे हात मोकळे म्हणून त्याच साली सरूबाईनं दुसऱ्या पाळीचेही डबे धरले. तनुजा एकदा म्हणाली होती, "माय, उद्या पेपर हाय." "अकरावीचाच ना? पास तर करत्यातच. एवढी परात संपव." पोरीनं परात संपवली होती.

"सर, मी लेखी देते," सरूबाई म्हणाली. "पोरगी माझ्या हाताखाली राबत व्हती म्हून मार्क पडले नाय. तिची काय बी चूक नाय. सही येती मला."

सरांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू का, मीपण अकरावीत नुसता क्रिकेट खेळलो. दर साली चार-दोन पोरी इथंच अडकतात. पण निवड वरून होते, मावशी."

"अकरावीची परीक्षा पुन्यांदा देता येती का?"

"नाही हो."

"मग पुढल्या साली अर्ज केला तर?"

"अट हीच राहणार."

सरूबाईनं बारावीचा कागद पुन्हा सरांपुढं सरकवला. तनुजानंच तिच्या दंडाला धरून उठवलं.

येताना रिक्षात पोरगी बोलली, "माय, इथल्याच कॉलेजात नाव घालते. सकाळचे डबे बी उरकतील."

आईची समजूत घालायला म्हणाली होती बिचारी. पण डब्यांचं नाव निघालं तसं सरूबाईनं तोंड बाहेर वळवलं.

घरी आल्या तेव्हा दुसऱ्या पाळीच्या डब्यांची घाई झाली होती. तनुजानं न सांगता पोळपाट पुढं ओढला.

"ऊठ तू. मी लाटते," सरूबाई म्हणाली.

"तू काय लाटती, कोपरे?"

सरूबाईनं लाटण्याला हात घातला. पोरीनं सोडलं नाही. जा, अभ्यास कर, असं म्हणायला आईचं तोंड उघडलं होतं. पण कशाचा अभ्यास, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं लाटणं सोडलं.

तव्यावर पाण्याचा शिपका मारला. चरचरलं नाही, तवा अजून तापला नव्हता. तिनं गॅस मोठा केला आणि पहिल्या पोळीसाठी हात पुढं केला.