गाण्यात मी रडले नव्हते

आधी खालाचं सांगते, मग गाण्याचं. खाला नसती तर गाणं झालंच नसतं, आणि गाण्याचा पुढे जो विचका झाला तो निस्तरलाही नसता. खाला म्हणजे मावशी, सगळे तिला तसंच म्हणतात. यवतमाळकडच्या आर्णीत तिचं गादीघर आहे. रुई पिंजायची, गाद्या भरायच्या, लग्नाकार्याला लोड-तक्के द्यायचे. नवरा गेल्यापासून सगळं ती एकटी बघते.

मी कोल्हापूरकडची, कागलच्या पलीकडच्या एका खेड्यातली. नववीत शाळा सुटली. पुढे एका ऑर्केस्ट्रात गायला लागले आणि त्यांच्याबरोबर फिरत फिरत इतक्या लांब येऊन पोचले. आर्णीचा कार्यक्रम संपला आणि मालकाचं वादकांशी कडाक्याचं भांडण झालं. जो तो आपल्या वाटेने गेला. मी स्टेजसमोरच्या गाद्यांच्या ढिगावर पिशवी मांडीत घेऊन बसून राहिले. खाला गाद्या परत न्यायला आली होती.

"उठ बेटा, वो गादी मेरी है."

मी उठले. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "अब खड़ी कायको है? एक बाजू से पकड़."

मी एका बाजूने पकडलं. तेव्हापासून मी तिच्या माडीवरच्या खोलीत राहते, दिवसा खोळी शिवते, आणि कुणाची हळद, कुणाचा वाढदिवस असला की गायला जाते. तू कोणाची कोण, हे खालाने अजून विचारलेलं नाही. मी मात्र रोज घाबरते, की एक दिवस विचारेल.

आता गाणं. बस स्टँडजवळ एकाचं मोबाइलचं दुकान आहे आणि गाण्यांचं चॅनलही आहे. सगळे त्याला चॅनलवालाच म्हणतात. तो माझ्या मागे लागला. "ताई, हळदीच्या गाण्यावर लोकं नाचतात अन् घरी जाऊन विसरतात. आपण एक दर्दवालं काढू. हळू चालीचं. एकच गाणं, पण काळजात गेलं पायजे."

गाणं त्यानेच लिहिलं होतं. एक बाई स्टँडवर कुणाची तरी वाट बघते, शेवटची गाडी येते आणि तो उतरत नाही. खरं सांगायचं तर मला गाणं आवडलं होतं. यवतमाळला लोहारा भागातल्या एका कारखान्यात कामाला असलेला त्याचा एक मित्र कीबोर्ड वाजवतो, त्याने संगीत करून दिलं. राहिला फक्त माझा आवाज. चॅनलवाल्याच्या दुकानात आवाज घ्यायचा तर दर ओळीत एक हॉर्न. मग तो एकदा गादीघरात उशी न्यायला आला, चारी भिंतींना छतापर्यंत लागलेल्या गाद्या बघितल्या, मधोमध उभा राहून टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी विरली. त्याचे डोळे चमकले.

"खाला, एक दुपार पिंजायचं मशीन बंद ठेवसान का?"

लग्नसराई तोंडावर होती. दारात रुईची पोती पडली होती, गिऱ्हाइकं घाई करत होती. खालाने मशीन बंद केलं, आणि जो येईल त्याला सांगितलं, "आज मशीन की तबियत ठीक नै." हे तिने माझ्यासाठी केलं. तेव्हा मला वाटलं होतं की आता सगळं छान होणार.

मशीन बंद झालं म्हणून रुई खाली बसत नाही. तिचे बारीक तंतू कितीतरी वेळ हवेत तरंगत असतात. त्यात आवाज येतो म्हणून पंखा बंद, दार बंद, खिडकी बंद. पहिला अंतरा नीट झाला. दुसऱ्या अंतऱ्यात 'तू उतरला नाहीस' म्हणताना श्वास घेतला आणि घशात तंतू गेला. आवाज चिरला. उचकीसारखं काहीतरी झालं, डोळ्यांतून पाणी आलं. ऑर्केस्ट्राची सवय अशी की मध्ये थांबायचं नाही, म्हणून ओळ कशीबशी पुरी केली, आणि मग पोटात कळ येईपर्यंत खोकले.

"परत घेऊ," मी म्हणाले.

चॅनलवाला कानांवरचं काढून माझ्याकडे बघत राहिला होता. "काहून?"

"अहो, खोकला आला ना!"

"ताई, याले आता हात नाई लावाचा. मोठमोठ्या गायकांले हे जमत नाई."

"दादा, तो खोकला आहे."

"तुमच्यासाठी खोकला असंन. पब्लिकसाठी हुंदका हाय."

मी किती सांगितलं. हात जोडले. त्याने लॅपटॉप मिटला. खालाकडे फिर्याद केली तर तीही खोकतच होती. ती बारमाही खोकते.

गाणं आलं. जाहिरातीत माझा फोटो, आणि माझ्या गालावर पाण्याचा एक थेंब. तो थेंब त्याने मोबाइलवर बोटाने काढला होता आणि तोही जरा मोठाच झाला होता, गालाला मस आल्यासारखा. खाली ठळक अक्षरांत: गाता गाता ती खरंच रडली. मला वाटलं, जाऊ दे, आपल्याला कोण ऐकतंय.

सगळ्यांनी ऐकलं! दिग्रसपासून पांढरकवड्यापर्यंत ऐकलं. खाली तुटलेल्या काळजांच्या चित्रांची रांग लागली. 'ताई, तो तुमच्या लायकीचा नव्हता.' 'असा आवाज दुःखाशिवाय येत नाही.' मी आयुष्यात कुणाची स्टँडवर वाट बघितली असेल तर ती आमच्या ऑर्केस्ट्राच्या गाडीची, आणि ती नेहमी उशिराच यायची.

बाजारात गेले की बायका कोथिंबिरीची जुडी हातात ठेवून हात सोडायच्या नाहीत. तांड्यावरून भाजी विकायला येणारी एक बाई तर फारच पेटली होती.

"कोणत्या गावचा व्हता तो?"

"मावशी, कुणी नव्हता. घशात रुई गेली होती."

"हो हो, रुईच गेलती. माह्या पोरीनंबी असंच सांगतलं व्हतं, कांदा कापून राह्यली म्हणून. तू फक्त गाव सांग. माहे भाऊ हायेत तिघं."

कार्यक्रमांत त्याहून वाईट. मी गाणं सुरू केलं की पुढच्या खुर्च्यांवरचे लोक दुसऱ्या अंतऱ्याची वाट बघत मोबाइल वर धरायचे. ओळ सरळ गेली की पडलेले चेहरे. एका हळदीत नवरीची आत्या स्टेजजवळ येऊन म्हणाली, "पोरी, बाकी बेस झालं, पण रडली नाई तू." हळदीत! नवरी हळद लावून बसलीय आणि हिला मी रडायला हवी.

शेवटी मी चॅनलवाल्याच्या दुकानात जाऊन सांगितलं की एक छोटा व्हिडिओ काढा. त्यात मी माझ्या तोंडाने सांगते की तो खोकला होता, मी सुखात आहे, माझं कुणी मन मोडलेलं नाही. तो लगेच हो म्हणाला. तिथेच मला शंका यायला हवी होती. मी हसून, नीट सगळं बोलले. त्याने मागे बासरी लावली. नाव दिलं: हसण्यामागचं दुःख. खाली लोकांनी लिहिलं, 'किती लपवशील ताई.'

"दादा, हे काय केलंत तुम्ही?"

"मी कुठं काय केलं? तुमचे शब्द तसेच ठेवले ना सगळे. बासरी फक्त माही हाय."

हे सगळं फिरत फिरत कागलच्या पलीकडे गेलं. आमच्या गावात कुणीतरी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन्ही व्हिडिओ दाखवले. एरवी आबा फोनवर पाऊसपाणी विचारतात आणि आईकडे देतात. त्या दिवशी फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता.

"कोन हाय त्यो?"

"आबा, कोण नाही. रुई..."

"रुई! आमी काय खुळं हाय? सगळं गाव बघालंय. बोचकं बांधून ठेव, मी येतोय न्यायला."

आबा मला घेऊन गेले की पुढचं मला पाठ होतं. मामाने एक स्थळ केव्हाचं धरून ठेवलेलं. गाणं संपलं, आर्णी संपली. आणि आबांवर चिडावं तर तेही जमेना. त्यांच्या लेकीला परमुलखात कुणीतरी टाकलंय असं त्यांना वाटत होतं, दुसरा कुठला बाप वेगळं काय करेल? चिडायचं कुणावर, रुईवर?

मी खरंच बोचकं बांधलं. खालाने ते बघितलं आणि पायाने कोपऱ्यात सरकवलं.

आबा आले. दोन गाड्या बदलून, रात्रभर न झोपता, डोक्यावर टोपी तशीच. गादीघरात त्यांनी पाऊल टाकलं आणि माझ्याकडे न बघता खालाला विचारलं, "पोरगी तुमच्याकडं ऱ्हाती. तुमाला म्हाईत असंल. कोन हाय त्यो?"

"बैठो भाईसाब."

"बसाया न्हाई आलो."

"तो खड़े रहो," खाला म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

एवढ्यात चॅनलवालाही धावत आला. गायिकेचे वडील आलेत, ही बातमी स्टँडवरून त्याच्याकडे आमच्याआधी पोचली होती. मशीनच्या धडधडीत कुणाला काही ऐकू येईना. पांढरं धुकं उठलं. खाला नाकावर पदर घेऊन रुई टाकत राहिली. आबा काहीतरी मोठ्याने बोलायला गेले, तोंड उघडलं, आणि जे व्हायचं ते झालं. घशातून तोच आवाज. अगदी तोच, दुसऱ्या अंतऱ्यातला. मग आबा वाकून, भिंतीलगतच्या गादीला धरून खोकत राहिले, डोळ्यांतून धारा.

खालाने मशीन बंद केलं. "कौन था वो?" तिने आबांना विचारलं.

आबांना बोलता येत नव्हतं. मी पाणी दिलं. त्यांनी डोळे पुसले, परत पाणी आलं, परत पुसले. माझी शाळा सुटली तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं. तेवढ्यात चॅनलवाला मोबाइल धरून पुढे सरकला.

"काका, थोडं इकडं पाहा न. तसंच राहू द्या, पुसू नका."

"ठेव त्यो फोन," आबा कसेबसे म्हणाले, "न्हाईतर घालीन मशिनीत. फोनबी आन् तुलाबी."

मग ते गादीवर बसले. चहा घेतला. नजर हवेत तरंगणाऱ्या रुईवर होती. बाहेर जाताना मला म्हणाले, "ऱ्हा हितंच. पर गानं परत म्हन, नीट. लोकं काय काय बोलत्यात." आणि पायात चप्पल घालता घालता विचारलं, "ही बाई रोज ह्यातच आस्ती?"

"हो."

"मग तिचं गानं कोन ऐकतंय?"

संध्याकाळच्या गाडीने ते गेले.

गाणं मी परत म्हटलं. खालाने पुन्हा दुपारभर मशीन बंद ठेवलं, आणि यावेळी आदल्या संध्याकाळपासून दारं-खिडक्या सताड उघडी टाकून, पाणी शिंपडून रुई खाली बसू दिली. एक ओळ चिरली नाही. मला वाटतं मी यापेक्षा चांगलं कधी गायले नाही. चॅनलवाल्याने ते टाकलंही, आढेवेढे घेत. लोकांनी लिहिलं: 'पहिलंच बरं होतं. यात जीव नाही.' कुणी म्हणालं ही दुसरीच कुणीतरी गातेय. जुनं अजून वाजतं, हळदीत सुद्धा. आबांनी नवं ऐकलं, 'बरं हाय' म्हणाले आणि फोन आईकडे दिला. मामाच्या स्थळाचं पुन्हा नाव निघालं नाही.

खालाचं गाणं कोण ऐकतं, हा आबांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मी एकदा खोकले तर अख्ख्या तालुक्याने माझं सांत्वन केलं. खाला जन्मभर खोकतेय, तर लोक म्हणतात गादीघरात आवाज फार. मीही तिच्या खोकल्यावरच झोपायला शिकलेय, घरात कुणीतरी जागं आहे असं वाटतं म्हणून. मी तिला यवतमाळला छातीच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की ती म्हणते, "सीजन के बाद." इथे सीजन कधी संपत नाही.

म्हणून इथे लिहून ठेवते. खाला, मी तुमच्या त्या खोलीला धूळ बाहेर ओढणारा मोठा पंखा बसवून देईन, आणि त्याआधी तुम्हाला दवाखान्यात नेईन, तुम्ही कितीही ओरडलात तरी. मशीन त्या दिवशी बंद राहील. गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते मी बघून घेईन.